एकदा तेरावे झालेल्या शेवंतीबाईची शेवटची व्यवस्था

श्री कुलस्वामिनी प्रसन्न.

शके १८१७ मन्मथनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पक्ष, तारीख ९ माहे डिसेंबर सन १८९५ इसवी, ते दिवशी मुक्काम परळ, भोईवाड्याजवळ, मुंबई येथे लिहून ठेवणार शेवंतीबाई कोम कैलासवासी धोंडू घाग, धंदा गिरणीवाल्यांची खानावळ, वय वर्षे एक्केचाळीस, भटजींच्या हिशेबाने सहा. लिहून ठेवते कारणे की, मी आज रोजी जिवंत आहे.

हे वाक्य मृत्युपत्रात कोणी घालत नाही, असे लिहिणारे गंगाधरपंत म्हणाले. पंत गिरगावात कोर्टकचेरीचे कागद लिहितात. मी त्यांना म्हटले, "पंत, मरणार कोण, तुम्ही की मी? घाला." बाकीच्यांचे जिवंत असणे लोक धरून चालतात. माझे आधी लिहावे लागते.

माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी चाळीस माणसांच्या भाकऱ्या वाढल्या, एकाचेही ताट चुकले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि गोड बोलून फसवावे इतके गोड माझ्याशी कोणी बोलत नाही. पोटात डाव्या अंगाला गाठ आहे. डॉक्टरने ती दाबून पाहिली आणि औषध सांगताना माझ्याऐवजी भिंतीकडे पाहिले. त्यावरून मी काय ते समजले. म्हणून ही घाई.

मला अक्षर येते ते गुजराती, मी जिच्याकडे आया होते त्या पारशिणीच्या पोरांच्या शेजारी बसून शिकलेले. मराठी छापील असले तर बोट ठेवून वाचते. पंतांचा हात मोडीत धावतो, तो माझ्या बापाच्यानेही वाचवणार नाही. सबब सगळे लिहून झाल्यावर पंत हा कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचतील आणि मगच मी सही करीन, असे ठरले आहे.

कलम पहिले. ह्या कागदाचे कारण एकच आहे आणि ते वरच घालते, म्हणजे ज्याला पुढचे ऐकायचा कंटाळा असेल त्याने इथे थांबावे. गुणवंती, वय वर्षे एकोणीस, जी माझ्या खानावळीत पगारी स्वयंपाकीण म्हणून राहते, ती माझ्या पोटची मुलगी आहे. माझ्या पश्चात तिला माझा भाऊ गुणाजी शिगवण याने किंवा तिच्या सासरच्यांनी गावी नेऊन शेतावर राबवू नये आणि माझे घर तिचे व्हावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. दुसऱ्या कोणाचे असते तर दोन ओळींत भागले असते. पण माझा भाऊ म्हणतो की मला मुलगीच नाही. का नाही, ते सांगितल्याशिवाय कोर्टाला कळणार नाही, आणि सांगितल्यावर कोर्ट हसेल. त्याला माझा इलाज नाही.

कलम दुसरे. माझा नवरा धोंडू पटकीने गेला तेव्हा गुणवंती वर्षाची होती. पुढल्याच वर्षी, म्हणजे सन १८७८ साली, मी एका पारशी कुटुंबाबरोबर आया म्हणून जंगबारास गेले. जंगबार हे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे बेट आहे. तिथे लवंगा पिकतात, हस्तिदंत विकतात, आणि पारशी शेठ दोन्हींचा व्यापार करीत. मुलगी लालबागेत भावाच्या घरी ठेवली. बोली दोन वर्षांची होती. झाली अकरा. जरबाई शेठाणींना एकामागून एक चार मुले झाली आणि दर खेपेला त्या म्हणत, "शेवंती, एवढं बाळ चालू लागलं की जा."

पण खोटेच लिहायचे तर पंतांना इथवर ट्रामने कशाला बोलवायचे. सगळा दोष पारशिणीचा नाही. तिथे मला कोणी विधवा म्हणून ओळखत नव्हते. माझ्या खोलीला आतून कडी होती. खिडकीसमोर समुद्र होता, त्याच्या पलीकडे माझी मुलगी होती, हे मला रोज ठाऊक होते, आणि तरी मी पोटभर जेवत होते आणि झोपही लागत होती. हे गुणवंतीसाठी लिहिले आहे. तिला वाचता येत नाही. पंत वाचतील तेव्हा ती घरातच असेल.

कलम तिसरे, पत्राविषयी. माझे अक्षर सहीपुरते, म्हणून वर्षातून एकदा मी शेठच्या मेहत्याकडून भावाला पत्र लिहून घेत असे. मेहता गुजराती लिही, आणि लालबागच्या नाक्यावरचा भाटिया दुकानदार ते गुणाजीला वाचून दाखवी. सन १८८८ च्या पत्रात मी एकच गोष्ट लिहवली. मी परत येते आहे, मी येईपर्यंत गुणवंतीचे लग्न करू नये. आणि भावजयीला बरे वाटावे म्हणून पाकिटात मूठभर लवंगा घातल्या. माझा अपराध एवढाच. लवंगांनी वाटेत पाकिटाचा कोपरा फाडला.

कोर्टातल्या साहेबाला आमची रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. मरणाची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. असे पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच त्याची वाट लावतात आणि आंघोळ करतात. गुणाजीने फाटका कोपरा पाहिला. भाटियाकडे न्यायचा प्रश्नच नव्हता, सुतकाचे पत्र घेऊन कोणी दुकानात जात नाही. जंगबारात आमचे माणूस एकच, तेव्हा मेले कोण ह्याचाही शोध लागला. पत्र न वाचता गटाराच्या कडेला जाळले, सगळे डोक्यावरून न्हाले, आणि भावजय तुळसा हिने रडत रडत खाली सांडलेल्या लवंगा वेचून डब्यात भरल्या. मी पुढे तिला विचारले, "पत्र जाळलंस नि लवंगा ठेवल्यास?" ती म्हणाली, "वन्सं, लवंगांना कसलं सुतक?"

आमच्यात पूर्वी मेलेल्यामागे फार काही करीत नसत. पण गुणाजी त्याच वर्षी गिरणीत मुकादम झाला होता आणि हाताखालच्या लोकांना जेवण घालायला त्याला निमित्त पाहिजे होते. त्याने भटजी आणले. देह नव्हता, म्हणून पळसाच्या तीनशे साठ पानांची बाई केली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि ती स्मशानात नेऊन जाळली. दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला, असे सगळे कौतुकाने सांगतात. म्हणजे माझी कसलीही इच्छा मागे राहिली नव्हती. मी तेव्हा जंगबारच्या धक्क्यावर मुंबईची आगबोट कधी सुटते ते विचारीत फिरत होते. कावळ्याला कोणी विचारले नाही की तू नक्की कोणाला शिवलास.

तेराव्याला बुंदीचे लाडू होते. त्यानंतर दुसरी रीत निघाली. आई मेली तर मुलीचे लग्न वर्षाच्या आत उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे. भाचीला तीन वर्षे कोण सांभाळणार? म्हणून आठ महिन्यांत, बारा वर्षांची गुणवंती परळच्या एका पस्तिशीच्या बिजवराला दिली. म्हणजे मी "लग्न करू नका" असे लिहवले नसते तर पत्र गेले नसते, पत्र गेले नसते तर मी मेले नसते, आणि मी मेले नसते तर लग्न एवढ्या घाईने झाले नसते. ह्यावर मी सहा वर्षे विचार करते आहे. पंतांनी नुसते लिहावे, मान हलवू नये.

कलम चौथे. जरबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून माझे निघणे लांबले. मध्ये मी आणखी एक पत्र पाठवले होते. गुणाजीने ते टपालवाल्याला परत दिले. "लिहिणारी बाई वारली, पत्र उशिरा आलं," म्हणाला. टपालवाल्याचाही विश्वास बसला. ते पत्र माझ्याकडे परत आले तेव्हा मी शेठाणींचे काही ऐकले नाही. सन १८८९ च्या थंडीत माझगावच्या धक्क्यावर उतरले, खटाऱ्यात पेटी टाकली आणि लालबागेत गेले. दार तुळसाने उघडले आणि लगेच लावले. आतून गुणाजीचा आवाज आला.

"कोण आहे?"

"शेवंती."

"शेवंती वारली."

"कधी?"

"झालं दीड वर्ष. तेरावं केलंय आम्ही. लाडू होते."

"मला कळवायचं तरी."

त्याने दार बोटभर उघडले. मग म्हणाला, "पाय दाखव."

मी उंबऱ्यावर पाय ठेवला. त्याने फटीतून पाहिला.

"दोन्ही दाखव. टाचा कुठं आहेत?"

"टाचा मागं आहेत, गुणाजी. तुझी अक्कल कुठं आहे ते तू बघ. दार उघड नि पाणी दे."

तोवर चाळीतली माणसे जमली होती. त्यांतली अर्धी माझ्या तेराव्याला जेवलेली. कोणाला आनंद झाला नाही असे नाही, पण आता त्या लाडवांचे काय करायचे, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत होती. मुलगी कुठे म्हणून विचारले तर तुळसा म्हणाली, "तिचं चांगलं झालं, वन्सं. दिली." त्या दिवशी मी पाणी प्यायले नाही.

कलम पाचवे. हे नीट ऐकावे, कारण गुणाजीचे सगळे म्हणणे ह्यावर उभे आहे. मी जिवंत आहे हे चार माणसांनी मान्य केले. पण ज्याचे क्रियाकर्म झाले तो परत आला तर त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो, असे भटजींनी पोथीत दाखवले. तोवर त्याच्या हातचे पाणी चालत नाही. मी म्हटले, न चालू दे. गुणाजी म्हणाला, "गुणवंतीच्या सासरचे तुला दारातसुद्धा उभी करणार नाहीत मग." घाव कुठे घालायचा ते त्याला कळते.

चाळीच्या मागे तांब्याचा हंडा मांडला. पोथीत तुपाने भरलेला हंडा होता. गुणाजीने पळीभर तूप आणि वरपर्यंत पाणी घातले. पस्तीस वर्षांची बाई मी, मुठी वळून, गुडघे हनुवटीला लावून त्यात बसले. भटजींनी गर्भाचे मंत्र म्हटले. मग मला बाहेर काढले. नाळ म्हणून सुताचा दोरा कापला, तो गिरणीतून आणलेला. जिभेला मध लावला. बायका पाळणा म्हणू लागल्या आणि मध्येच त्यांना हसू आवरेना. मलाही आवरेना. भटजी म्हणाले, "बाळ रडलं पाहिजे." तेवढे माझ्याने झाले नाही. मग माझे नाव मंजुळा ठेवले. माझे बोलणे एकदा ऐकलेल्या माणसाला ते नाव सुचले नसते.

प्रथम मला ह्यात लाभच दिसला. नवा जन्म झाला, म्हणजे मी विधवा नाही. दुसऱ्या दिवशी ठसठशीत कुंकू लावून नळावर गेले. बायकांच्या घागरी भरून वाहू लागल्या, कोणी उचलीना. गुणाजी धावत भटजींकडे गेला. भटजी प्रामाणिक निघाले. म्हणाले, "शास्त्राप्रमाणे ती कुमारिका आहे, तिला अडवता येत नाही." गुणाजी घरी आला तो हळू चालत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचले होते.

"म्हणजे तू विधवा नाहीस."

"नाही."

"लग्नच झालं नाही तुझं."

"पोथी म्हणते नाही."

"मग गुणवंती कुठून आली?"

मी कुंकू पुसायला पदर वर केला. तो म्हणाला, "आता पुसून काय होतंय? जन्मलीस ती जन्मलीस." त्याच आठवड्यात त्याने गुणवंतीच्या सासरी निरोप धाडला की, मुलीची आई कधीच वारली, आता आली आहे ती घरातली मंजुळा. आमच्या आईचे माझ्या वाटणीचे डागिने गुणाजीकडे ठेवले होते, ते मी मेले म्हणून गेले, आणि मुलगी मी जन्मले म्हणून गेली.

कलम सहावे. तरी मी परळला गेले. तेरा वर्षांची मुलगी, कपाळाला घाम, हातात सुपभर तांदूळ. तिने मला "बसा" म्हटले आणि पाणी दिले. सासू शेजारी बसून होती. मी पाणी प्यायले, तांदूळ चांगला आहे असे बोलले आणि उठून आले. नंतर ही परळची जागा भाड्याने घेतली, तिच्यावर स्वतःचे घर बांधले आणि खानावळ घातली. तिच्या सासरापासून ही जागा सव्वाशे पावलांवर आहे. धंदा इथे चांगला चालतो असे मी लोकांना सांगते.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा तापाने गेला. सासरा तिला गावी न्यायला निघाला. गुणाजी मध्ये पडला तो त्याच्याच बाजूने. "फुकटचे दोन हात आहेत, घेऊन जा," म्हणाला. मी सासऱ्याला गाठले. त्याने विचारले, "तुमची कोण लागते?" मी म्हणाले, "स्वयंपाकीण पाहिजे मला." दरमहा तीन रुपये ठरले, तिच्या हातात नाही, त्याच्या. अशी मी माझी मुलगी पगाराने आणली आहे. पंतांनी इथे टाक थांबवून माझ्याकडे पाहिले. लिहा म्हटले.

ती मला "बाई" म्हणते. सांगावे ते करते. हो बाई, झालं बाई. मी कोण ते तिला ठाऊक आहे, सगळ्या परळला ठाऊक आहे. मामाने तिला आधी आई मेलेली दाखवली, मग तान्ही दाखवली. आता तिसरे काय दाखवायचे ते मला सुचले नाही, म्हणून मी तिला भाकऱ्या शिकवल्या. त्या ती माझ्यापेक्षा पातळ थापते.

कलम सातवे, घराविषयी. परळचे दोन खणांचे कौलारू घर, मागची पडवी, मोठी पातेली अकरा, काहिली दोन, पराती तीन, जंगबारची पितळी चुकांची पेटी आतल्या कपड्यांसकट, आणि खानावळीचा चालता धंदा, हे सगळे गुणवंतीस द्यावे. मात्र अट अशी की, तिने माझ्या पश्चात सहा महिन्यांच्या आत दत्तू घाडी याच्याशी पाट लावावा. दत्तू साचेवाला आहे, गिरणीत माग चालवतो. तीन वर्षे माझ्याकडे जेवतो. दारू पीत नाही, भांडत नाही, आपले ताट आपण उचलतो. बाई एकटी राहिली की गुणाजीसारखे दहा मुकादम गोळा होतात, म्हणून हे. आमच्यात पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, चालतो. बढती मिळाल्यापासून गुणाजी म्हणतो की चालत नाही. आमची आई पाटाची होती आणि आम्ही दोघे त्याच पाटाच्या पोटचे, हे त्याने गिरणीत सांगितले नसेल म्हणून इथे लिहिते. पाट न लावल्यास घर विकून पैसे देवीच्या देवळास द्यावे.

कलम आठवे, किरकोळ. गुणाजी शिगवण यास तो तांब्याचा हंडा, ज्यात माझा जन्म झाला. तो मी त्याच्याकडून विकत घेतला होता, कारण तो त्यात डाळ शिजवू लागला होता. भावजय तुळसा हिला एक शेर उत्तम लवंगा. तिच्यावर माझा तसा राग नाही. तिने गुणवंतीला अकरा वर्षे उपाशी ठेवले नाही आणि तिच्या केसांत कधी उवा होऊ दिल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे. लालबागच्या चाळीतली रमाबाई हिने माझ्या तेराव्याला सात लाडू खाल्ले, असे ती स्वतः सांगते. तिला काही देत नाही. तिला आगाऊ मिळाले आहे. भटजींस एक धोतरजोडी, कुमारिकेच्या बाबतीत खरे बोलले म्हणून.

कलम नववे. माझी क्रिया पुन्हा करू नये. ती एकदा झाली आहे आणि चांगली झाली असे सगळे म्हणतात. ह्या खेपेला देह आहे, तो जाळला म्हणजे पुरे. अग्नी गुणवंतीने द्यावा. बाईमाणूस अग्नी देत नाही असे पंत म्हणतात. बाईमाणूस हंड्यातूनही जन्मत नाही, पण झाले. पुढे कोणी कोर्टात जाऊन सांगेल की शेवंती पूर्वीच वारली, मेलेल्या बाईचा कागद चालत नाही. तर हा कागद मंजुळाचा समजावा. कोणी म्हणेल की मंजुळा सहा वर्षांची अज्ञान आहे. तर शेवंतीचा समजावा. दोघींचेही म्हणणे एकच आहे.

कलम दहावे. इतके झाल्यावर पंतांनी कागद पहिल्यापासून वाचला. ऐकायला दोन साक्षीदार बसले होते. एक हरेश्वर कोळी, शीव कोळीवाड्याचा, जो खानावळीला मासळी पुरवतो. दुसरा स्वतः दत्तू, कारण त्याच्याइतकी स्वच्छ सही ह्या वाडीत दुसऱ्याची नाही. गुणवंती पडवीत बोंबील साफ करीत होती. जंगबारचे कलम झाले तेव्हा तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. घराचे कलम झाले तेव्हा ती उठून आत आली, हात तसेच ओले. ह्यापुढचे जसे झाले तसे लिहावे, असे मी पंतांना सांगितले आहे.

"बाई, मला विचारलंत?" ती म्हणाली.

"काय विचारायचं?"

"दत्तूचं."

"चांगला माणूस आहे."

"मामानं पण चांगलाच बघितला होता. तेव्हा बारा वर्षांची होते. त्यानं पण विचारलं नाही. पण त्यानं निदान कागद तरी केला नव्हता. तू तर साक्षीदार बसवून करतेयस."

"तुझ्या भल्याचंच आहे ते."

"माझं भलं? अकरा वर्षं तिकडं समुद्र बघत बसलीस, जेवलीस, झोपलीस, आता यांनी वाचलं ना ते. तेव्हा कुठं ठेवलं होतंस माझं भलं, पेटीत? आणि तीन रुपये देऊन आणलीस मला. सासऱ्यानं विचारलं होतं ना, कोण लागते म्हणून? सांगायचं होतंस. एवढं तोंड आहे तुला, सगळी वाडी भिते. नेमकं तिथंच बंद पडलं?"

हरेश्वर कौलांकडे बघू लागला. दत्तूने मान खाली घातली, पण उठून गेला नाही. म्हणून माणूस वाईट नाही, असे मी अजूनही म्हणते.

"मग पाहिजे काय तुला?" मी विचारले.

"ते मला पाहिजे असेल तेव्हा मी सांगेन. घर द्यायचं तर दे. नाहीतर दे देवीला. देवी थापेल भाकऱ्या चाळीस माणसांच्या."

असे म्हणून ती बोंबलांकडे गेली. पंत म्हणाले, "बाई, हे सगळं लिहायचं?" मी म्हटले, "एक अक्षर गाळू नका."

सबब, सातव्या कलमातली पाटाची अट आणि देवळाचा मजकूर मी रद्द करते. पंतांनी त्यावर रेघ मारली आहे आणि कडेला माझी सही आहे. त्या पानावर ओला डाग पडला आहे तो बोंबलाच्या पाण्याचा, खाडाखोड समजू नये. घर, भांडी, पेटी, धंदा सगळे गुणवंतीचे, अटीशिवाय. तिने पाट लावावा, न लावावा, कोणाशी लावावा, त्यात गुणाजीचा, सासऱ्याचा किंवा माझा हुकूम चालणार नाही. तिचा पगार आजपासून बंद. उद्या सकाळी खानावळीची पहिली पंगत उठली की मी तिच्या सासऱ्याकडे जाणार आहे. सव्वाशे पावले आहेत. तिथे जाऊन काय सांगायचे ते तोंडाने सांगायचे आहे, कागदावर घालण्यासारखे नाही.

ती माझी मुलगी असल्याबद्दल कागदाला काही पुरावा जोडावा, असे पंतांचे म्हणणे. जन्माचा दाखला नाही. जातीची चार माणसे गुणाजीच्या बाजूने बोलतील. पण दोन वर्षे जी मुलगी हो बाई, झालं बाई यापलीकडे बोलली नाही, ती आज काय बोलली ते वर लिहिले आहे. परक्या बाईशी असे कोणी भांडत नाही. माझा पुरावा हाच. तो ज्यांनी समक्ष ऐकला त्यांची नावे खाली आहेत.

हा कागद मी ऐकला, समजले, आणि राजीखुशीने माझ्या हाताने सही केली.

सही, गुजराती अक्षरांत: शेवंती

साक्ष:
१. हरेश्वर विठोबा कोळी, राहणार शीव कोळीवाडा. निशाणी वल्ह्याची.
२. दत्तू रामा घाडी, साचेवाला, राहणार परळ. दस्तुर खुद्द.

लिहिणार: गंगाधर केशव परांजपे, राहणार गिरगाव. बाईंच्या सांगण्यावरून अक्षर न गाळता लिहिले.

मुक्काम परळ, मुंबई. तारीख ९ डिसेंबर १८९५, सोमवार, दिवस मावळण्यापूर्वी.